वेदीच्या चित्रातली पाठमोरी मुलगी

फादरांची आणि माझी ओळख नदीकाठच्या रस्त्यावर झाली. रोह्याच्या शाळेत मी सगळी नोकरी चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर गुडघे धरू नयेत म्हणून सकाळी कुंडलिकेच्या काठाने चालायला जाऊ लागले. फादर सत्तरीच्या पुढचे, मूळचे वसईकडचे. डोक्याला कानटोपी, पायात कॅनव्हासचे बूट आणि बोलणं अगदी स्वच्छ मराठी. कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं लहानसं चर्च होतं. कामासाठी केरळातून, मंगळुराकडून आलेली काही कुटुंबं आणि जवळच्या आदिवासी वाड्यांवरची थोडी माणसं रविवारी तिथे जमायची.

एकदा बोलता बोलता माझं माहेर पेणचं आणि आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे, हे त्यांना कळलं. ते चालता चालता थांबलेच.

"म्हणजे रंगकाम करणारं घरात कोणी आहे?"

"मोठा भाऊ आहे. कारखाना आता त्याचा मुलगा बघतो, पण मूर्तीचे डोळे अजून दादाच काढतो."

"मग बाई, मला त्यांच्याकडे घेऊन चला," फादर म्हणाले. "पण आधी तुम्हाला एक दाखवतो."

दोन दिवसांनी ते कागदाची लांब पुंगळी घेऊन घरी आले. जेवणाच्या टेबलावर आम्ही ती उलगडली आणि चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. एका जुन्या चित्राची ती मोठी छापील प्रत होती. तरुणपणी फादर शिकायला युरोपात होते. तिथल्या एका लहान गावातल्या चर्चमध्ये, वेदीच्या मागे हे चित्र उभं होतं. पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं. लाकडाच्या तीन फळ्या, बाजूच्या दोन बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या. कपाटाची दारं लावावी तशा त्या मधल्या फळीवर मिटतात. मिटल्यावर त्यांच्या बाहेरच्या अंगाला वेगळं चित्र दिसतं.

"तिथली भाषा मला सुरुवातीला कळायची नाही," फादर म्हणाले. "प्रार्थना चालू असायची आणि मी हे चित्र वाचत बसायचो. माझ्या चर्चमध्ये वेदीमागे नुसती भिंत आहे. मी इथून जायच्या आधी तिथे असं काहीतरी असावं, एवढीच इच्छा आहे."

मधल्या फळीवर मरीया सिंहासनावर बसलेली, मांडीवर बाळ येशू. मागे आकाश नाही, झाडं नाहीत, घर नाही. नुसतं सोनं. डावीकडच्या दारावर एक म्हातारा, हातात दोन किल्ल्या. त्याच्या शेजारी एक राजकन्या, पायाशी मोडकं चाक. उजवीकडच्या दारावर अंगाला कातडं गुंडाळलेला हडकुळा माणूस, कडेवर कोकरू. त्याच्या शेजारी मोकळ्या केसांची बाई, हातात झाकणाची बरणी. सगळे एकाच शांत चेहऱ्याचे. मी वर्गात युरोपातल्या चित्रांबद्दल शिकवलं होतं, पण ते पुस्तकातल्या एका परिच्छेदापुरतं. असं समोर ठेवून कधी बघितलं नव्हतं.

"चेहऱ्यावरून ओळखू नका, हातात काय आहे ते बघा," फादर सांगू लागले. "किल्ल्या आहेत म्हणजे पेत्र. स्वर्गाच्या दाराच्या किल्ल्या त्याच्याकडे. या राजकन्येला चाकावर बांधून मारायचं ठरलं होतं, पण चाकच मोडलं. म्हणून कॅथरीनच्या पायाशी चाक. जिच्या छळासाठी जे आणलं, तेच तिची खूण झालं."

पुढच्या आठवड्यात आम्ही रोह्याहून सकाळची गाडी धरून पेणला गेलो. गणपती होऊन गेले होते. कारखान्यात नव्या हंगामाची माती अजून मळायला घेतली नव्हती, साचे भिंतीला टेकून ठेवलेले होते. दादाने ती छापील प्रत पाटावर मांडली आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिला.

"फादर, मी जन्मभर गणपती केला," तो म्हणाला. "तुमच्या देवाचं मला काय कळतंय?"

"तुम्ही विचारा, मी सांगतो."

मग दादा विचारतच गेला. बरणी कशाला? येशूच्या पायांना सुगंधी तेल लावणाऱ्या मग्दालियेची ती खूण. कोकरू कशाला? तो माणूस येशूच्या आधी येऊन त्याची वर्दी देणारा संत; बळी जाणारं कोकरू म्हणजे पुढे येशूच. मरीयेच्या अंगावरचा शालू निळाच का? त्या काळी चांगला निळा रंग फार दूरच्या देशातून येणाऱ्या दगडाचा करत, तो सोन्याहून महाग पडे, म्हणून तो आईसाठी राखलेला.

"आमच्याकडंपण तसंच हाय," दादा म्हणाला. "पाश, अंकुश, मोदक. एक हात रिकामा राहिला तर गिऱ्हाईक परत पाठवतं." मग त्याने बाळाच्या मुठीवर बोट ठेवलं. "हा पक्षी कसला?"

"हा काटेरी झुडपातलं बी खातो. त्याची गोष्ट अशी सांगतात, की येशूच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट चढवला होता, तेव्हा या पक्ष्याने चोचीने एक काटा उपसून काढला. रक्ताचा थेंब त्याच्या डोक्यावर पडला. तोच हा लाल ठिपका."

"पण पोर तर अजून मांडीवर हाय."

"हो ना. म्हणून आईचे डोळे बघा. ती बाळाकडे बघत नाही, पक्ष्याकडे बघते. पुढे काय होणार, ते तिला ठाऊक आहे."

दादाने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मग कोपऱ्यात, सिंहासनाच्या पायरीजवळ गुडघे टेकून बसलेल्या एका माणसाकडे वळला. तो इतका लहान होता, की मरीयेच्या पावलाएवढाच दिसत होता.

"आणि हा बारका कोण? याच्या हातात तर कायच नाय."

फादर हसले. "हा संत नाही. ज्याने चित्र करवून घेतलं, तो. देवापुढे आपण केवढे, म्हणून एवढासा काढायचा. तुम्ही तिथे कोणाला बसवू नका. थोडं गवत काढा, फुलं काढा."

इतक्यात वहिनी चहा घेऊन आली. कारखान्याच्या उंबऱ्याशी तिने ट्रे खाली ठेवला, "चहा ठेवलाय गो बाय," असं मला म्हणाली आणि परत गेली. फादरांना वाटलं, परका माणूस बघून लाजली असेल. येताना गाडीत मी त्यांना खरं काय ते सांगितलं.

दादा-वहिनीला मुलाच्या पाठीवर एक मुलगी होती. चार वर्षांची असताना गेली. तेव्हा श्रावण सरत आला होता. आमच्या धंद्यात ते दिवस म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नसते. वडील अंथरुणाला खिळलेले, आणि आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं काम, दादाशिवाय दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. मुंबईचे टेम्पो दारात उभे. पोरीला ताप भरला, उतरेना. वहिनी तिच्या भावाला घेऊन तिला अलिबागच्या दवाखान्यात घेऊन गेली. दादा म्हणाला, तुम्ही पुढे व्हा, एवढे डोळे काढून संध्याकाळी येतो. संध्याकाळी आणखी एक टेम्पो आला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच पोरीला घेऊन परत आली, चादरीत गुंडाळून.

तिसऱ्या दिवशी दादा पुन्हा कारखान्यात बसला. चतुर्थी काही कोणासाठी थांबत नाही आणि बिनडोळ्यांचा गणपती कोणाच्या घरी पाठवता येत नाही. तो दवाखान्यात गेला नाही म्हणून कोणी त्याला बोल लावला नाही. वहिनीने तर नाहीच. पण त्या वर्षापासून तिने कारखान्यात पाऊल टाकलं नाही. ती वडखळच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातली, मिठागरावर काम करणाऱ्या बापाची मुलगी. मुळात कमी बोलणारी. नवराबायकोचं बोलणं चालू होतं, भाजीचं, मुलाच्या शाळेचं, पाहुण्यारावळ्यांचं. फक्त पोरीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. पोरीचा एकच फोटो होता, स्टुडिओत काढलेला. तो वहिनीच्या ट्रंकेत तळाशी असायचा. एका मोठ्या पुरात घरात पाणी शिरलं, तेव्हा तोही गेला. कागद एकमेकांना चिकटले आणि सोडवताना चेहऱ्याची जागा निघून आली.

फादर ऐकून घेत राहिले. रोह्याला उतरताना एवढंच म्हणाले, "मी त्यांना हे चित्र करायला सांगायला नको होतं का?"

"दादाला नाही म्हणता येतं," मी म्हटलं. "तो नाही म्हणाला नाही."

हिवाळाभर दादाने ते काम केलं. सागाच्या फळ्या आणल्या, घासल्या, खडूची भुकटी आणि सरस कालवून त्यांना पांढरं अस्तर दिलं. जुने लोकही असंच अस्तर देत, असं फादरांनी सांगितल्यावर तो खूश झाला होता. मी आठवड्यातून एकदा जायचे. कॅथरीनचं चाक, बरणीवरची नक्षी, किल्ल्या अशी बारीक कामं त्याने माझ्याकडे दिली. लहानपणी आम्ही दोघं असेच शेजारी बसून मूर्तींच्या सोंडेवर ठिपके द्यायचो. त्यानंतर एवढा वेळ आम्ही एकत्र कधी बसलोच नव्हतो.

दारांची बाहेरची अंगं त्याने आधी केली. तिथे रंग नसतो. दगडी पुतळे उभे आहेत असं वाटावं, म्हणून सगळं राखाडी. डाव्या दारावर देवदूत, हातात लिलीची फुलं, उजव्या दारावर पुस्तक वाचणारी मरीया. तुला मूल होणार, असं तो तिला सांगायला आलाय. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत दारं मिटलेली ठेवायची आणि लोकांनी हे राखाडी चित्र बघायचं. ईस्टरला दारं उघडली, की आतलं सोनं दिसतं. मूळ चित्रात देवदूताचे शब्द त्याच्या तोंडापासून निघून मरीयेपर्यंत सोन्याने लिहिलेले होते. मरीयेचं उत्तरही होतं, पण त्याची अक्षरं डोकं खाली, पाय वर अशी.

"चुकलाय काय तो?" दादाने विचारलं.

"नाही," फादर म्हणाले. "तिचं उत्तर वरून देवाला वाचायचंय. आपल्याला नाही."

हे दादाला फार आवडलं. "मग आपल्या हिने काय म्हणायचं?"

"तिचा होकार आहे. जे म्हणतोस ते मला कबूल, एवढंच."

"म्हणजे व्हय."

"व्हयच लिहा," फादर म्हणाले. आणि दादाने खरोखरच उजव्या दारावर, मरीयेच्या ओठांपाशी, सोनेरी रंगात उलट्या अक्षरांत 'व्हय' लिहिलं.

आतलं काम मात्र अडलं. शालूला निळ्याचे पातळ पातळ किती हात दिले त्याला गणती नाही. बाळ झालं, बाळाच्या मुठीतला पक्षी झाला. मरीयेचा चेहरा काही होईना. दादा डोळे काढायचा आणि ओल्या फडक्याने पुसून टाकायचा.

"माझे डोळे समोरच्याकडंच बघतात," तो मला म्हणाला. "माणूस हात जोडून उभा राहिला, की देवाने त्याच्याकडं बघायला पाहिजे. तेवढंच मला येतं. असं खाली, दुसरीकडं बघणारं जमत नाय."

एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. वहिनी वाढत होती. दादा ताटाकडे बघतच म्हणाला, "जरा कारखान्यात येऊन बसशील काय गो? चेहरा बघायचाय."

वहिनीचा हात थांबला. "कशाला?"

"चित्रासाठी."

"तेव्हा नाय बघितलंत," ती म्हणाली. "आता काय बघणार?"

आवाज चढवला नाही. माझ्या पानात भात वाढला, कालवणाचं भांडं झाकलं आणि मागच्या अंगणात पापड उलटायला निघून गेली. दादाने पुढे एक घास खाल्ला नाही. इतक्या वर्षांत त्या घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि ते माझ्यासमोर बोललं गेलं.

मला स्टेशनवर सोडायला दादा आला. फलाटावर बाकावर बसल्यावर म्हणाला, "तिला वाटलं, मला चित्रातल्या बाईसाठी चेहरा पाहिजे."

"मग?"

"कोपऱ्यात फादरनी गवत काढायला सांगितलेलं ना, तिथं मी पोरीला बसवलंय. अजून कोणाला दाखवलं नाय." तो हाताच्या बोटांवरचा वाळलेला निळा रंग नखाने खरवडत होता. "तिचा चेहरा मला आठवत नाय गो. जन्मभर तोंडंच काढली. तिचं तोंड येत नाय. डोळे मिटले की गणपतीच दिसतात. ती आईवर गेलेली, एवढं माहीत हाय. म्हटलं आई समोर बसली तर कायतरी आठवेल."

गाडी आली. मी चढले. घरी आल्यावर फोन घेतला, ठेवला, पुन्हा घेतला आणि वहिनीला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा दादा कारखान्यात एकटाच होता. मरीयेच्या चेहऱ्याची जागा अजून कोरी. मी पायरीवरच्या फुलांना पाकळ्या देत होते. दुपार कलल्यावर उंबऱ्याशी सावली पडली. चहा आला असेल म्हणून मी उठले, तर वहिनी आत येत होती. हाताला पापडाचं पीठ, पदराला पुसत. साच्यांच्या मधून वाट काढत ती सरळ चित्रासमोर आली आणि कोपऱ्याकडे वाकली.

तिथे सिंहासनाच्या पायरीजवळ एक लहान मुलगी गुडघे टेकून बसली होती. पिवळा झबला फ्रॉक, दोन वेण्या, लाल फिती. आपल्याकडे पाठ करून.

"फ्रॉक पिवळाच होता," वहिनी म्हणाली. आणखी वाकून बघत म्हणाली, "हिला पाठमोरी का बसवलीत?"

"चेहरा आठवत नाय."

वहिनीने भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली, दादाच्या अगदी समोर. "काढा," म्हणाली. "मी सांगते."

दादाने पाटीवर कागद लावला. पेन्सिल घेतली. माझ्या डोळ्यांसमोर ते दोघं तसेच आहेत, ती सांगतेय आणि तो काढतोय.

"कपाळ माझं. एवढं मोठं नाय, जरा लहान. भुवया नव्हत्याच म्हणा, बारीक. नाक तुमचं. व्हय, असंच, पण टोकाला वर."

त्याने काढलं. तिने कागद हातात घेतला, लांब धरून बघितला. "ही नाय."

दुसरा कागद. गाल भरले, हनुवटी लहान केली. "ही पण नाय. हिचं तोंड हसरं हाय. ती हसायची कमी."

"हसायची," दादा म्हणाला. "माझ्याकडं आली की हसायची."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. मला वाटतं, ते तिला माहीत नव्हतं. "असेल," ती म्हणाली. "मग हसरं काढा."

तिसरा कागद झाला, त्यानंतरचेही. प्रत्येक चेहरा गोड होता, कोणाच्याही मुलीचा असावा असा. शेवटी वहिनी कागद मांडीवर ठेवून बसून राहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "मलापण आता नीट आठवत नाय. इतकी वर्षं वाटायचं, मला तरी आठवतेय. तुम्ही विसरलात तरी माझ्याकडं हाय. तर नाय."

दादाने पेन्सिल खाली ठेवली. "तिने माझं विचारलं काय गो? तिथं, दवाखान्यात?"

मी बाहेर जायला हवं होतं, पण गेले नाही.

"व्हय," वहिनी म्हणाली. "बाबा कधी येतील, विचारलं. मी सांगितलं, डोळे काढून झाले की येतील."

दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वहिनी उठली नाही, त्याच्या जवळ गेली नाही, पण निघूनही गेली नाही. मग म्हणाली, "पाठमोरीच ठेवा. आता दुसरा चेहरा लावू नका तिला."

ती खाली मान घालून मांडीवरचे कागद एकावर एक लावत होती. दादाने डोळे पुसले, तिच्याकडे बघितलं आणि ब्रश उचलला. मरीयेचे डोळे त्याने त्या दुपारी काढले.

चित्र टेम्पोने रोह्याला आलं. वडखळपासून पुढे महामार्गाचं काम चालूच, खड्डे चुकवत, गाद्यांमध्ये गुंडाळून आणलं. उपवासाचे दिवस होते म्हणून दारं मिटून बसवलं. ईस्टरच्या सकाळी दादा आणि वहिनी दोघंही आले. आमच्यापैकी कोणालाच तिथे उठायचं कधी आणि बसायचं कधी ते कळत नव्हतं, पुढच्यांचं बघून करत होतो. फादरांनी दारं उघडली. सोनं चमकलं आणि मागच्या बाकांवरून बायकांचा आवाज आला, जसा आपल्याकडे मूर्तीवरचं वस्त्र काढल्यावर येतो.

प्रार्थना संपल्यावर वाडीवरची एक बाई लेकराला घेऊन चित्राशी आली. तिने लेकराला पक्षी दाखवला, कोकरू दाखवलं. मग फादरांना विचारलं, "ही पोर कोण हाय?"

फादरांना दादाने आधी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं, मग मागे उभ्या असलेल्या आमच्याकडे. "ज्यांनी चित्र दिलं त्यांची," ते म्हणाले.

वहिनीने हात जोडले. कोणाला ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर पेणच्या घरात पोरीचं नाव निघू लागलं. मी गेले की दोघांपैकी कोणीतरी काहीतरी सांगायचं, आणि दुसरं म्हणायचं, नाय, तसं नव्हतं. एकदा तर मांडूळ बघून ती घाबरली होती की हसली होती यावर दोघं हमरीतुमरीवर आली. ते ऐकून मला रडू यायचं. एवढंच करायचं होतं, तर त्याला अर्धं आयुष्य कशाला लागलं? पण ते तसं होत नाही. दोघांनाही वाटत होतं, समोरच्याला त्रास नको. एकमेकांना जपण्यातच वर्षं निघून गेली आणि तेवढ्यात पोरीचा चेहरा दोघांच्याही हातून सुटला.

त्याच वर्षी गणपती झाल्यावर दादा गेला. हंगाम पुरा केला, शेवटच्या मूर्तीपर्यंत डोळे काढले, आणि आश्विनात एका सकाळी आंघोळीला पाणी काढता काढता पडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वहिनी त्याच्या सोबत होती. मिळून त्यांना बोलायला मिळाले ते फक्त मधले काही महिने.

फादरांची त्याआधीच बदली झाली होती, वसईकडे, म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या निवासात. मी फोन केला. त्यांना आता ऐकू कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, "बाई, मी हे आधीच मागितलं असतं, तर बरं झालं असतं. नुसत्या भिंतीसमोर मी किती वर्षं काढली तिथे." मी त्यांना म्हटलं, तुम्ही मागितलंत म्हणून निदान एवढं तरी झालं. त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

वहिनी आता अधूनमधून माझ्याकडे येते. नव्या फादरांना आम्ही ओळखीच्या झालो आहोत. रविवारची गर्दी गेली की आम्ही जाऊन थोडा वेळ बसतो. पावसाळ्यात डाव्या दाराची फळी थोडी वाकली आणि पेत्राच्या किल्ल्यांपाशी रंगाला चीर गेली. मला ती दुरुस्त करता येईल, पण अजून हात लावलेला नाही. तिथला रंग, तिथलं सोनं दादाने कसं कालवलं होतं, ते मी विचारून ठेवलं नाही.

गेल्या खेपेला तिला गाडीत बसवायला रोह्याच्या स्टेशनवर गेले होते. गाडीला वेळ होता. ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"तुला आठवते काय गो ती?" तिने एकदम विचारलं.

मी आठवून बघितलं. चेहरा माझ्याकडेही नव्हता. "ती शाडूची माती खायची," मी म्हटलं. "कोणी बघत नाही असं बघून गोळा तोंडात टाकायची. मी विचारलं, काय खातेस, तर मान हलवायची. आणि ओठाला पांढरं लागलेलं."

वहिनी हसायला लागली. "व्हय! खायची. किती मारलं मी तिला त्यापायी." हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "हे मी विसरलेच होते. ह्यांनापण ठाऊक नसेल. तू त्यांना का नाय सांगितलंस?"

"कोणी विचारलं नाही वहिनी."

"नाय विचारलं," ती म्हणाली.

गाडी आली. मी तिची पिशवी आत दिली, तिला खिडकीशी जागा मिळाली. पेणला पोचल्यावर फोन कर, म्हणून मी खालून ओरडून सांगितलं.